गरजेपुरती योग्य

ताईचा फोन आला तेव्हा मी पिकअपच्या हौद्यात उकिडवा बसून वाळूची पोती लावत होतो. एका हातात पोतं, दुसऱ्या हातात फोन. "चार वाजता शोरूममध्ये सही करायचीय," ती म्हणाली. "तू तीच गाडी चार दिवस फिरवतोयस ना? मग घेऊ की नको, तेवढं सांग. आणि हे बघ छोट्या, चालून जाईल असं म्हणू नकोस हं." हसली आणि फोन ठेवून दिला. मी एकावन्न वर्षांचा आहे, डोक्यावर केस नावापुरते उरलेत, पण तिच्यासाठी मी अजून छोट्याच. त्याचं काही नाही. पण ते दोन शब्द. ते कानावर पडले आणि हातातलं पोतं सुटून पायावर आलं. वीस किलोचं. अंगठ्यातून निघालेली कळ पार डोक्यात गेली, तरी माझं लक्ष अंगठ्याकडे नव्हतं. हिला कुणी सांगितलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या दिवशी खोलीत दोघंच होतो, मी आणि बाबा. बाबा जाऊन चौदा वर्षं झाली.

नाही, असंही असेल की ती आमच्या ऑफिसातल्या चेष्टेबद्दल बोलत होती. पण ऑफिसातली चेष्टा तिला कशी कळणार? ती माझं मासिक वाचत नाही. "गाड्यांचं काय वाचायचं," म्हणते, "एक तर असते, नाहीतर नसते." मी गाड्या तपासतो, विकत घेणाऱ्यांसाठी. कंपनी चार दिवसांपुरती गाडी देते, मी ती फिरवतो, मोजतो, वाकून खालून बघतो, आणि महिन्याच्या महिन्याला दोन पानं लिहितो. शेवटी एक चौकट असते, 'घ्यावी का?' सव्वीस वर्षांत त्या चौकटीत मी 'घ्या' असं कधी लिहिलं नाही, आणि 'घेऊ नका' असंही नाही. मी लिहितो, 'गरजेपुरती योग्य.' कंपनी खूश, संपादक खूश, आणि घेणारा तर आधीच मनाशी ठरवून बसलेला असतो, तोही खूश. एका फरशीवाल्याने एकदा पत्र पाठवलं होतं, साहेब, माझी गरज फरशीची आहे, आपण कुठल्या गरजेबद्दल लिहिता? ते पत्र आमच्या मांडणीवाल्या बाईंनी फळ्यावर टाचून ठेवलंय, पिवळं पडलंय आता. तिथे सगळ्यांना ठाऊक आहे की साध्या मराठीत माझ्या 'गरजेपुरती योग्य'चा अर्थ 'चालून जाईल' असा होतो. मी आत शिरलो की कुणीतरी म्हणतंच, "काय, आजची भाजी कशी आहे? चालून जाईल?" आणि मीही हसतो. हसण्यावारी नेलं की बरं असतं. बायको तेवढी हसत नाही. "हॉटेलात गेलो," ती म्हणते, "की शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघून तू तेच मागवतोस. उद्या मी मेले तर डॉक्टरला विचारशील, इतरांच्या बायका कशाने मेल्या?"

पोती लावून झाली. तीस पोती, सहाशे किलो. ती मी नेहमी केबिनच्या पाठीला टेकवून लावतो, तीन थर, एकाला एक घट्ट. सरकत नाहीत, फोटोवाल्याला गाडीच्या बाजूवरचं नाव स्वच्छ मिळतं, आणि उतरवायलाही सोपं. मागचा अर्धा हौदा मोकळा राहतो, त्यात मी हत्यारांची पिशवी ठेवतो. मग गाडी यार्डातून बाहेर काढतो, मोठ्या रस्त्याने बाराव्या मैलापर्यंत जातो, पुलावरून वळून परत. तोच रस्ता, त्याच जागी ब्रेक, त्याच चढावर दुसरा गिअर. आज तेच करत होतो. क्लच हलका. गिअर गुळगुळीत पडतात, रिव्हर्सला जरा कुरकुर. सीटची पाठ सरळसोट, दोन तासांनी कंबर बोलायला लागेल. आरसे छोटे. वळते मात्र अशी की रस्त्यातल्या रस्त्यात फिरवून घ्यावी. एरवी हे सगळं मी चालवता चालवता मोठ्याने बोलत जातो, फोन रेकॉर्ड करतो. आज बोललो ते ऐकून बघितलं तर पाच मिनिटं नुसताच इंजिनाचा आवाज, आणि मध्येच माझा, "कुणी सांगितलं असेल पण?"

बाबांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. म्हणून मला पाठवलं. वीस वर्षांचा होतो. ताईला एक स्थळ आलं होतं, मुलाचं काचेचं दुकान, स्वतःचं, घर स्वतःचं, मोठा भाऊ परगावी, सासू नाही सासरा नाही. आई म्हणाली, सगळंच चांगलं दिसतंय, म्हणजे काहीतरी असणार, जाऊन बघून या. बाबा म्हणाले, छोट्या जाईल, पोराला पोरगं कळतं. ही आमच्या घरातली पद्धतच. कुणाकडे जायचं, काही विचारायचं, वाईट वाटेल असं काही बोलायचं असलं की धाकट्याला पुढे करायचं, म्हणजे नंतर म्हणता येतं, अहो लहान आहे तो. मी सकाळी गेलो, संध्याकाळी परत आलो. बाबा खाटेवर पाय उशीवर टाकून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "कसा आहे?" मी बूट काढत होतो. म्हणालो, "चालून जाईल." बाबा म्हणाले, "बरं." आणि पान उलटलं. पान उलटल्याचा आवाज मला अजून आठवतो. दीड महिन्याने ताईचं लग्न झालं.

मी त्याला रिकामा बघितला होता. हे वाक्य मला सुचलं ते नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, असंच एका मालवाहू गाडीबद्दल लिहिताना. रिकामी गाडी सगळीच छान पळते. ब्रेक छान लागतात, चढ छान चढते, मागून हिसके दिले तर आपण म्हणतो, स्वाभाविक आहे, रिकामी आहे. खरं काय ते ओझं टाकल्यावर कळतं. तर त्या माणसाला मी रिकामा बघितला. त्याच्यावर तेव्हा ना संसार होता, ना मंदी, ना फुटलेला माल, ना उधार नेऊन तोंड चुकवणारी गिऱ्हाइकं. हसरा, उंच, बोलका. एका दिवसात वीस वर्षांच्या पोराला काय कळणार? वाक्य एवढं बरं वाटलं की मी ते मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं असेल. ताईच्या हाताला पट्टी दिसली की म्हणायचो. काचेच्या घरात पट्टी असायचीच, त्याच्याही बोटाला असायची, त्यामुळे कुणी काही विचारायचं नाही, आणि विचारलं तर ती म्हणायची, "अगं काच ती, तिला काय माया?" एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ती वाढताना बाही वर गेली. दंडावर लांबट डाग होता, तपकिरी, कडेला सुरकुतलेला. काचेने कापतं, भाजत नाही. मी ताटात बघून जेवत राहिलो. वर आणखी आमटी मागितली. आमटी पातळ होती आणि फार गरम होती, हेही आठवतं, आणि आठवतं म्हणून स्वतःची चीड येते.

पुलावरून वळलो. पाठीमागे सहाशे किलो शहाण्यासारखे बसलेले. गाडी एका रेषेत चाललेली. कुणीही म्हणेल, छान आहे की. पाच वर्षांपूर्वी ताईचा नवरा एक दिवस भावाकडे निघून गेला, तो तिकडेच राहिला. बाई होती म्हणतात, नव्हती म्हणतात, मी त्या खोलात शिरलो नाही, कुणाला विचारलंच नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं आई म्हणाली, आणि मग दोन दिवस रडली. ताईने दुकान उघडं ठेवलं. काच कापायला ती आधीच शिकली होती. गेल्या वर्षी दुकानाची पाटी बदलली, आरशांचं काम वाढवलं. आता एक नवीन इमारत उभी राहतेय, तिथल्या सगळ्या घरांचे आरसे आणि न्हाणीघराच्या काचा तिला मिळतायत, पण पुढच्या महिन्यापासून रोज माल पोचला पाहिजे. भाड्याचा टेम्पोवाला रोज येत नाही, आला तर फोडतो, फोडलं तर म्हणतो काच कच्ची होती. मोठी गाडी तिच्या गल्लीत वळत नाही. वळते ती ही एकच. म्हणजे मी नको म्हटलं तर ते काम गेलं. आणि हो म्हटलं तर... हो म्हटलं तर काय, हेच तर मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, भारासहित स्थिर. पण भार कुठला? माझा. वाळूचा. केबिनला टेकवलेला. सव्वीस वर्षांत रस्त्यावर मी एकही माणूस बघितलेला नाही जो असा शहाण्यासारखा माल भरतो. लोक मागे भरतात. उतरवायला सोपं म्हणून मागे भरतात, माल लांब असला की मागचं फाळकं पाडून बाहेर काढतात, वर दोरी मारतात. हे मी रोज बघत होतो. ऑफिसात जाताना, येताना. आणि यार्डात आलो की पोती पुढे लावत होतो.

बारा वाजता मी यार्डात पोती उतरवली, एकेक करून, अंगठा ठणकत होता. संपादकांना सांगितलं, अजून एक चाचणी राहिलीय. ते म्हणाले, "अरे पान तर लावायला घेतलंय. चौकटीत काय, नेहमीचंच ना?" मी म्हटलं, "आल्यावर सांगतो." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी निघालो.

ताईच्या गल्लीत शिरताना दोन्ही आरसे मिटवावे लागले, पण गाडी शिरली, आणि दुकानासमोर एका झटक्यात वळलीसुद्धा. ताई दारातच उभी होती. कंबरेला जाड कापडाचा एप्रन, हातात रबरी मोजे, नाकावर चष्मा घसरलेला. "आलास? फोनवर एक शब्द सांगायचा तर त्यासाठी अख्खी गाडी घेऊन आलास," ती म्हणाली, पण नजर गाडीवर होती. तिने चालत एक फेरी मारली, फाळक्याच्या कडीला हात लावून बघितला, चाकाला पायाने हलकं ढकललं. लोक चाकाला पाय का लावतात हे मला आजवर कळलेलं नाही, त्यातून काहीच समजत नाही, पण तिने लावला तेव्हा बरं वाटलं. "हौद्यात काच लाव," मी म्हटलं. "नेहमी लावतेस तशी. माझ्याकडे बघू नकोस." "तुझ्याकडे काय बघायचंय?" ती म्हणाली. "कारागीर आज सुटीवर आहे. तूच धर दुसरी बाजू. आणि काच धरल्यावर बोलताना हात हलवायचे नाहीत, आधीच सांगून ठेवते. तुमच्या ऑफिसात हलवत असाल."

हौद्यात तिने तिरका लाकडी स्टँड ठेवला. काचा आठ फुटी, हौदा सातच, म्हणून फाळकं पाडावं लागलं आणि स्टँड सरकवून पार मागे न्यावा लागला. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन मागच्या चाकांच्याही मागे. तिला ते चुकीचं वाटायचं कारणच नव्हतं. आठ काचा लावल्या. काच उचलताना ती "हं" म्हणते, ठेवताना "हळू", मध्ये काही नाही. मी घामाघूम झालो. जुनी माणसं लग्नघरात बाकं उचलायची तसं आम्ही एकमेकांच्या पायाकडे बघत मागेपुढे चालत होतो. शेवटच्या काचेला दोरी मारून तिने गाठ आवळली, एप्रन काढून केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि खिडकीची काच खाली केली. गल्लीतून बाहेर पडलो.

"सकाळी काय म्हणालीस तू?" मी विचारलं. शेवटी विचारलंच. "चालून जाईल म्हणू नकोस. म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? तू म्हणतोस ते." ती बाहेर बघत होती. "बाबांनी विचारलं, कसा आहे. तू म्हणालास, चालून जाईल. मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. मध्ये पडदा तर होता नुसता."

म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. ती तिथेच होती. एकतीस वर्षं ती खोली माझ्या डोळ्यांपुढे होती आणि पडद्याची आठवणच नव्हती मला. मी गाडी उगाच तिसऱ्यात टाकली, परत चौथ्यात. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य आलं, तयारच होतं ते, पाठ होतं. "ताई, मी त्याला रिकामा बघितला होता गं. ओझ्याशिवाय. एका दिवसात माणूस कळतो होय?"

तिने घसरलेला चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "हो रे. तू तरी काय करणार? वीस वर्षांचं पोरगं. मी कधी तुला बोल लावला का? मला तर तेव्हा आनंदच झाला होता, छोट्याला आवडला म्हणून." तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. रबरी मोजा काढलेला हात, बोटांवर बारीक बारीक पांढऱ्या रेघा. "काय घेऊन बसलायस डोक्यात? चालव नीट. माझ्या काचा आहेत मागे."

झालं. मिळाली माफी. न मागता मिळाली. आता बरं वाटायला हवं होतं ना? खिडकी उघडीच होती, तरी अजून उघडायला गेलो. कारण रिकामा बघितला होता हे खरं नाही. ते मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की त्याच्या पलीकडे काय होतं ते धूसर झालंय, पण गेलेलं नाही. त्या दिवशी त्याने मला स्कूटरवरून फिरवलं. नवी कोरी, आकाशी रंगाची. मी तिच्याकडेच बघत होतो, त्याच्याकडे कमी. वाटेत चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेला एक म्हातारा पंक्चर काढत बसायचा. त्याच्या हातून एक नट निसटला आणि गटारात गेला. एवढंच झालं. आणि याने, हसता हसता, मला काहीतरी सांगत असताना, त्या म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि तळहात तापलेल्या सायलेन्सरवर टेकवला. टेकवून धरला. दोन सेकंद असेल, तीन असेल. म्हातारा ओरडलाही नाही, नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. मग याने हात सोडला, खिशातून जास्तीचे पैसे काढून त्याच्यापुढे टाकले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना तेवढंच कळतं." चेहरा मघासारखाच हसरा. मी काही बोलणार होतो. मला वाटतं बोलणार होतो. तेवढ्यात त्याने किल्ली माझ्यापुढे धरली, "घे, आता तू चालव." आणि मी घेतली. मी तोपर्यंत स्कूटर कधी चालवली नव्हती. सगळ्या गावातून चालवली मी ती, वारा तोंडावर घेत, आणि मला मजा आली. हे कसं सांगायचं कुणाला? मला मजा आली. घरी येऊन बूट काढताना हातात अजून स्कूटरची थरथर होती आणि बाबांनी विचारलं, कसा आहे.

पाण्याच्या टाकीपुढे उतार लागतो आणि उताराच्या तळाशी डावीकडे वळण. मी वेग कमीच ठेवला होता. वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि ते हाताला लागलंच नाही. हलकं, पोकळ. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली होती, धरत नव्हती. गाडी अर्धा क्षण सरळच गेली, समोरच्या कुंपणाकडे, मग वळली, आणि वळल्यावर मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि परत आत. मागे काचा एकमेकींवर किणकिणल्या. ताईने डॅशबोर्डला हात टेकला. "हे काय होतं?" मी म्हटलं, "काही नाही." मग वळसा घालून परत त्याच उतारावर गेलो. अजून हळू. तेच झालं. तिसऱ्यांदा गेलो, ब्रेक आधी मारून. तेव्हाही तेच, फक्त कमी. चौथ्यांदाही गेलो. मला जाणवत होतं की मी आता गाडी तपासत नाहीये, वेळ काढतोय. मग तिला घेऊन सावकाश, अगदी सावकाश, दुकानाशी परत आलो आणि इंजिन बंद केलं. पावणेतीन वाजले होते.

"घेऊ नकोस," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. छातीतून काहीतरी मोठं सुटल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं. "तुझ्या मालाला ही नको ताई. ते काम जाईल, ठाऊक आहे मला. पण तू रोज त्या रस्त्याने जाणार, आणि एक दिवस ती वळणार नाही. नको." मला वाटलं ती वाद घालेल. किंवा म्हणेल, बरं झालं बाबा सांगितलंस. खरं तर तेच म्हणेल अशी वाट बघत होतो.

ती समोर काचेतून दुकानाकडे बघत होती. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच वळणावर."

"पहिल्याच?" तिने वळून माझ्याकडे बघितलं, चष्म्यावरून. "मग आणखी तीन चकरा कशाला मारल्यास?"

मी हँडब्रेक ओढला.

"मला वाटायचं तुला दिसतच नाही," ती हळू म्हणाली. "म्हणजे, भोळा आहे आपला छोट्या, त्याला नाही कळत माणूसबिणूस. असं वाटायचं मला. पण तुला दिसतं की. लगेच दिसतं." ती दार उघडून खाली उतरली, एप्रन बांधला, मोजे चढवले. "चल, काचा उतरव माझ्याबरोबर."

पहिली काच उतरवली, दुसरी उतरवली. हं. हळू. ती माझ्या पायाकडे बघत होती, मी तिच्या. तिसरी, चौथी. मला वाटलं, सुटलो. सातवी काच उचलून आम्ही दुकानाच्या उंबऱ्यावर आलो, ती आत, मी बाहेर, आणि ती थांबली. काच दोघांच्या हातात. खाली ठेवायला जागा नाही, सोडता येत नाही, मान खाजवता येत नाही. तिथे थांबून तिने विचारलं, "त्या दिवशी काय दिसलं होतं?"

मी सांगितलं. स्कूटर, पंक्चर, म्हातारा, सायलेन्सर. तळहात किती वेळ धरला ते. पैसे टाकले ते. किल्ली घेतली ते. मला मजा आली तेसुद्धा सांगितलं. काच थरथरत होती, कुणाच्या बाजूने ते कळत नव्हतं. ताईचा चेहरा सगळा वेळ तसाच होता, काम करताना असतो तसा, फक्त ओठ पांढरे पडलेले. कुणीतरी गल्लीतून सायकलची घंटी वाजवत गेलं.

"एवढंच सांगायचं होतंस," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, मग तिने तो सावरला. "नको म्हण, असं कोण म्हणत होतं तुला? नको मी म्हणाले असते. पडद्यामागे उभी होते मी छोट्या. इस्त्री हातात होती. मी ऐकतच होते."

मग ती मागे सरकली, मीही तिच्याबरोबर आत गेलो, आणि काच आम्ही भिंतीला लावून ठेवली. आठवीही आणली. तिने मोजे काढून टेबलावर टाकले, नळाखाली तोंड धुतलं, खूप वेळ धुतलं, पदराने पुसलं आणि घड्याळाकडे बघितलं. स्टुलावर बसून तिने पावतीबुकाचं एक पान उलटं करून पुढे ओढलं, कानावरची पेन्सिल काढली.

"आता गाडीचं सांग," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "घेऊ नको की घेऊ, ते मला सांगू नकोस. ते मी बघेन. पहिल्या वळणावर काय झालं, दुसऱ्यावर काय झालं, वेग किती होता, काचा कुठे होत्या, स्टँड पुढे घेतला तर काय होईल. सगळं सांग. काही गाळू नकोस."

मी सांगायला लागलो, आणि ती लिहून घेत गेली.